पारोसं तोंड

बुधवार, ४ तारीख

मुलाच्या आईस,

अक्षर ओळखलं असशीलच. फाडायच्या आधी वाच. यात नियमांच्या गोष्टी आहेत आणि त्या तुलाही लागू आहेत.

मी तुझ्या डोक्यावर आहे. म्हणजे बरोबर तुझ्या वरच्या खोलीत. मुलाने फोनवर सांगितलं. म्हणाला, "बाबा, आई खालीच आहे, हवं तर जमिनीवर पाय आपटा." मी म्हटलं, "सतरा वर्षं आपटले नाहीत, आता काय आपटू?" तर हसला. त्याला सगळ्याचंच हसू येतं. चौदा तारखेला, शनिवारी त्याचं लग्न आणि नवऱ्यामुलाचे आईबाप साथीच्या नियमाने एकाच हॉटेलात वरखाली कोंडलेले. यात हसण्यासारखं काय आहे ते त्यालाच ठाऊक.

विमानात तू माझ्या पुढेच होतीस. तुझा अंबाडा मी सबंध प्रवास पाहिला. मागे वळली नाहीस ते बरंच केलंस, कारण माझ्या शेजारचा माणूस बोट चाटून मासिकाची पानं उलटत होता आणि माझं तोंड बघण्यासारखं नव्हतं. उतरलो तर ती नाकवाली. नाकात काडी इतकी आत घातली, मला वाटलं मेंदू ढवळतेय. वर आधीच्या माणसाची काडी ज्या डब्यात टाकली त्याच डब्याच्या काठाला तिची बाही घासली. मी डोळ्यांनी पाहिलं. सांगितलंही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू डब्यात मीच पडलोय.

मग ती काउंटरवाली. आपले दोन पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. आडनाव एक, पत्ता एक. दोन बोटं जुळवून तिने विचारलं, सोबत? आपण दोघं एकदम "नाही" म्हणालो. इतक्या वर्षांत एका सुरात काही बोललो असू तर तेवढंच. ती गालात हसली आणि शिक्का मारला. तो शिक्का कसला होता ते मला आज कळलं. एका पत्त्याची माणसं म्हणजे एक घर, असा यांचा नियम. खोल्या दोन असल्या तरी घर एक. एकाची तपासणी अडली की दुसरा अडला.

भावाकडे राहतेस तर भावाचा पत्ता का नाही घातलास पासपोर्टवर? एवढंच विचारायचं होतं.

खोलीचं काय सांगू. जमिनीला गालिचा, भिंतीपासून भिंतीपर्यंत. जो धुता येत नाही तो कपडा माणसाने पायाखाली का घालावा? चालताना चिकटल्यासारखं वाटतं. मी चपला घालूनच पलंगावर चढतो आणि हवेत काढतो. मोरीच्या जाळीत कुणाचा तरी लांब, तांबूस केस. दोन काचेचे ग्लास, दोघांना कागदी टोप्या. टोपी घातली की ग्लास स्वच्छ झाला असं यांना वाटतं. मी उजेडात धरला. काठावर ओठांची लाली. तू म्हणशील, झालं यांचं उजेडात धरणं सुरू. हो, सुरू. जन्मभर दुधाच्या डेअरीत बाटल्या तपासल्या मी. उजेडाच्या पेटीपुढून बाटल्या सरकत जायच्या आणि ज्या बाटलीत कण दिसेल ती मी उचलून बाजूला काढायचो. डोळ्यांना ती सवय आहे. त्यांनी ती निवृत्तीच्या दिवशी साहेबाला परत केली नाही.

तू फोन उचलत नाहीस. तीनदा केला. मुलगा म्हणाला, आई म्हणते, काय असेल ते लिहून पाठवा, बोलून आमचं जमत नाही. म्हणून लिहिलं. ताट आणणारा माणूस नेईल. नखशिखांत पांढरा, दारात ताट ठेवून एक पाय मागे घेऊन उभा राहतो. मी त्याला बगळा म्हणतो. पत्रालाही इथे एक दिवस पिशवीत कोंडून ठेवतात म्हणे. कागदाला काय ताप येतो की काय!

मुलाचा बाप


शुक्रवार, ६ तारीख

मुलाच्या आईस,

तुझं उत्तर मिळालं. एक ओळ. "पत्ता बदलायला दोनदा खेटे घालावे लागतात." ठीक आहे.

आता दुसरी गोष्ट. काल सकाळी थुंकीची तपासणी झाली. तुझीही झाली असेल. माणसाला बोलवायचं, विमानात बसवायचं, हॉटेलात ठेवायचं आणि मग सांगायचं की या नळीत थुंका. दार लावून, आरशासमोर उभं राहून थुंकायचं, आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी रेघेपर्यंत भरलंय का बघायचं. फेस धरायचा नाही म्हणे, खालचं पाणी धरायचं. मला ओकारी आली. आपण लहानपणी रस्त्यात थुंकणाऱ्याकडे बघायचोही नाही.

असो. माझा नमुना निकामी निघाला. त्यांच्या प्रयोगशाळेत काहीतरी घोळ झाला असणार. फोनवर दुभाषी बाई असते. आपल्याच भाषेतली आहे, गोड बोलते, काका काका करते. तिने सांगितलं, "काका, तुमच्या नळीत लाळ नव्हती. नुसतं पाणी आलं." मी म्हटलं, "असं कसं होईल?" ती म्हणाली, "तेच ते विचारतायत." आता त्यांच्या यंत्राला काय दिसलं ते यंत्राला माहीत.

तुझा नमुना चांगला निघाला. तुझ्या अंगात काही नाही. पण घर एक असल्यामुळे तुलाही सोडणार नाहीत. माझा पुन्हा सोमवारी घेणार. तो चांगला आला तर आपण दोघं बुधवारी मोकळे. लग्न शनिवारी. वेळ आहे. काळजी करू नकोस, असं मी सांगितलं तर तू करशील म्हणून सांगत नाही.

इथे जेवणावर पातळ झाकण असतं. ते उघडलं की आतून थेंब ताटात पडतात. घाम आलेलं जेवण. कुठल्या कढईतून, कुणाच्या हातून, काही दिसत नाही. मी भाताचा मधला भाग खातो, जिथे झाकण लागलेलं नसतं.

मुलाचा बाप


रविवार, ८ तारीख

मुलाच्या आईस,

तुझी चिठ्ठी मिळाली. कागदी रुमालांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहायचं म्हणजे काय. इथे लिहायला कागद देतात, मागितला तर.

"गुळण्या केल्यात ना? आणि नळीही विसळली असेल."

असं तू लिहितेस. नमस्कार नाही, चमत्कार नाही. खालच्या मजल्यावर बसून तुला वरचं दिसतं. हो, केल्या. मीठ नव्हतं, तरी कोमट पाण्याने दहा-बारा केल्या. दात घासले, जीभ घासली. दुसऱ्याच्या हातात द्यायची वस्तू माणूस घाण देतो का? आणि नळीचं म्हणशील तर तिच्या तळाला आधीच काहीतरी ओतलेलं होतं, गुलाबीसर. मला वाटलं, आधीच्या कुणाचं तरी राहिलंय. डेअरीत तळाला असं काही दिसलं असतं आणि मी ती बाटली पुढे जाऊ दिली असती तर दुसऱ्या दिवशी मला कामावर ठेवलं नसतं. म्हणून ते ओतून दिलं आणि नळी कढत पाण्याने तीनदा विसळली. आता कळलं की तेच त्यांचं औषध होतं. लिहून ठेवायला काय झालं होतं? लिहिलं होतं म्हणे, पण माझ्या भाषेत नव्हतं.

मुलाला तू हे सांगितलंस का? त्याचा फोन आला होता. हसत नव्हता. म्हणाला, "बाबा, एकदा तरी. एकदा तरी जसं आहे तसं द्या ना." मी म्हटलं, "जसं आहे तसं कुणी कुणाला देत नाही." तो म्हणाला, "हो, आमच्या घरात नाही देत."

हे त्याला कुणी शिकवलं? मी तर नाही. तुझा भाऊ सांगत असतो वाटतं, की एका ग्लासावरून मोडलं. मी आजही सांगतो, तू दिलेल्या त्या पाण्याच्या ग्लासात कण होता. तुझ्या भावासमोर मी तो उजेडात धरला आणि ओतून दिला, पण उगाच नाही. कण होता. तू दुसरा ग्लास आणायचास, तर पिशवी भरलीस.

ते जाऊ दे. एक चांगली बातमी. कालपासून खोलीचा वास गेला आहे. तो फिनाइलचा, गालिच्याचा, मोरीतला, सगळा. इतकं बोललो त्याचा उपयोग झाला, यांनी शेवटी काहीतरी केलं. बगळ्याला मी नाकाला हात लावून अंगठा दाखवला. तो घाबरून मागे सरकला.

उद्या सकाळी पुन्हा नळी. दुभाषी बाईने बजावलं आहे. उठल्यावर काही नाही. दात नाही, चूळ नाही, पाण्याचा घोट नाही. पारोसं तोंड. शत्रूशीसुद्धा मी पारोशा तोंडाने बोललो नाही कधी.

मुलाचा बाप


मंगळवार, १० तारीख

मुलाच्या आईस,

दिलं. काल सकाळी उठलो आणि तसाच आरशासमोर उभा राहिलो. दृश्य लिहिण्यासारखं नाही. तोंडात रात्रभराचं साचलेलं, चिकट, त्याला तार सुटली. डोळे मिटले तर नळीच्या बाहेर सांडलं, म्हणून उघडे ठेवावे लागले. रेघेपर्यंत भरलं. उजेडात धरलं नाही. झाकण लावलं, बगळ्याला दिलं, आणि मग संडासात जाऊन उलटी केली.

निकाल आज आला. या वेळी लाळ होती आणि लाळेत तो आजारही होता.

तुझी चिठ्ठी नंतर मिळाली. "ताप आहे का? खरं सांगा. वास येतो का?" ताप नाही. अंग थोडं कोमट आहे, तेवढं या खोलीत कुणाचंही असेल. वासाचं मी लिहिलं होतंच. यांनी काही साफ केलेलं नव्हतं. आज मुद्दाम मोरीच्या जाळीजवळ नाक नेलं. काही नाही. बाथरूमच्या साबणाला नाक लावलं, काही नाही. तुला वाटेल, मला सुख झालं असेल. एवढी घाण आणि तिचा पत्ता लागत नाही. कुठून हात लावावा ते कळत नाही. डोळे बांधून बाटल्या तपासल्यासारखं वाटतं.

आता मुद्द्याचं. मला इथे आणखी दहा दिवस. घर एक म्हणून तुलाही दहा. म्हणजे शनिवार गेला. मी मुलाला म्हटलं, तारीख पुढे घे. तो म्हणाला, "बाबा, त्या लग्ननोंदणीच्या कचेरीची पुढची तारीख चार महिन्यांनी आहे. तोवर तुमचा दोघांचा राहायचा परवाना संपतो. मग तुम्ही पुन्हा कधी येणार?" सूनबाई मागून म्हणत होती, राहू दे रे, त्यांना त्रास नको देऊ. चांगली वाटते. आवाज स्वच्छ आहे.

मग त्याने हळूच सांगितलं की एक वाट आहे. आपण दोघांनी सांगायचं की पत्ता कागदावर एक असला तरी घर एक नाही. या तपासणीवाल्यांचा साहेब दोघांना वेगवेगळा फोन करतो, विचारतो, आणि दोघांची उत्तरं जुळली तर तुला माझ्यापासून तोडून वेगळं धरतो. तुझा एक ताजा नमुना, तो चांगला आला की शुक्रवारी तू बाहेर. मी मात्र इथेच.

ती वाट बरोबर आहे. पोराच्या लग्नात दोघांपैकी एक तरी उभा हवा. इतक्या वर्षांत वेगळं असल्याचं आपण कुठे सांगितलं नाही. सोडचिठ्ठी तू कधी मागितली नाहीस, मी कधी दिली नाही. जाऊ दे, साहेबाला सांगायचंय, देवाला नाही.

तू काय सांगणार आहेस ते मला कळवू नकोस. जुळवून घेतलं असं त्यांना वाटेल.

मुलाचा बाप


गुरुवार, १२ तारीख

मुलाच्या आईस,

साहेबाचा फोन येऊन गेला. मध्ये दुभाषी बाई. माझ्या आधी तुला केला होता.

मी विचारलं, "तिने काय सांगितलं?" बाई म्हणाली, "काका, ते सांगता येत नाही." मी म्हटलं, "अहो बाई, मी म्हातारा माणूस आहे, चूक झाली तर तिचं नुकसान होईल." आवाज खाली घेऊन ती म्हणाली, "त्या म्हणाल्या, त्यांना विचारा. ते सांगतील तेच माझं."

ही काय रीत झाली? जन्मभर माझ्या प्रत्येक शब्दाला तुझा शब्द तयार. भाजीत मीठ कमी म्हटलं तर जिभेला मीठ कमी असेल म्हणायचीस. आणि आज, जेव्हा बोलायची वेळ आली, तेव्हा सगळं माझ्या तोंडावर टाकून मोकळी. मला इतका संताप आला की मी जमिनीवर पाय आपटला. ऐकलं असशील. तो मुद्दाम होता.

जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं. त्यावर काही लिहून पाठवू नकोस. काम झालं आहे. उद्या तुला सोडतील.

सामान बांधताना पेटी गालिच्यावर ठेवू नकोस, पलंगावर ठेव आणि खाली वर्तमानपत्र घाल. लिफ्टचं बटण बोटाने दाबू नकोस, कोपराने दाब. गाडीत खिडकी उघडी ठेव. मुलाला भेटल्यावर आधी हात धू, मग त्याला जवळ घे. नाहीतर आधी घे. नंतर धू.

मुलाचा बाप


शनिवार, १४ तारीख

मुलाच्या आईस,

हे पत्र मुलाच्या घरी येईल. एक दिवस पिशवीत राहून, शुद्ध होऊन.

फोटो पोचले. मी फोन डोळ्यांजवळ धरून एकेक मोठा करून पाहिला. मुलाची कॉलर एका बाजूला वर आली आहे. कुणीच कशी बघितली नाही? तुझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती. सूनबाईचा हात तुझ्या हातात आहे तो फोटो चांगला आहे. त्यात काही काढण्यासारखं मिळालं नाही. मी बराच वेळ शोधलं.

काल तू निघालीस तेव्हा मी खिडकीत होतो. इथल्या खिडक्या उघडत नाहीत. मी काच ठोकली, पण एवढ्या उंचीवरून खाली काय ऐकू जाणार. तू फुटपाथवर पेटीशेजारी उभी राहिलीस, दोरीची गाठ घट्ट केलीस, मग वर पाहून मजले मोजलेस. आधी चुकीच्या खिडकीकडे पाहिलंस. तिथला माणूस तुला हात हलवत होता, बिनडोक. मग माझी सापडली.

मला वाटलं, हात करशील. तू पिशवीतून पाण्याची बाटली काढलीस. ती उन्हात धरलीस, अशी तिरकी, मान मागे टाकून, एक डोळा बारीक करून. फिरवलीस. दोनदा फिरवलीस. अगदी माझ्यासारखी नक्कल. रस्त्यावर, लोकांच्या देखत. मग माझ्याकडे बघत झाकण काढलंस आणि अर्धी बाटली प्यायलीस. इतक्या लांबून कण होता की नव्हता ते मला कसं दिसणार! तुला ते माहीत होतं. गाडी आली, तू बसलीस. खिडकी उघडी ठेवली होतीस, तेवढं मी पाहिलं.

आता तो फोन. तुला कुणी काही सांगण्याआधी मीच सांगतो, कारण तू म्हणाली होतीस की ते सांगतील तेच माझं, आणि माणसाला आपलं काय झालं ते कळलं पाहिजे.

साहेबाने विचारलं, खालच्या खोलीतली बाई तुमची कोण? मी म्हटलं, "मुलाची आई." त्याला ते पुरलं नाही. तुमची कोण? मी म्हटलं, "वेगळे राहतो." तेही पुरलं नाही. त्याला त्यांच्या नियमातलं वाक्यच हवं होतं. दुभाषी बाईने ते हळूच सांगितलं, आणि मी तिच्या मागून म्हटलं, "या बाईशी माझा काही संबंध नाही." ती म्हणाली, "काका, आवाज फार बारीक आला. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणा." मला वाटलं, ती खोटं बोलत असेल, पण नव्हती. बिचारीचाही आवाज बारीक झाला होता. मी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हटलं. इतक्या मोठ्याने की बगळ्याने दार वाजवून आत सगळं ठीक आहे ना ते विचारलं.

मोरीतला केस मी हाताने काढला. थुंकीची नळी हातात धरली. या सगळ्या दिवसांत इतकी घाण माझ्या तोंडाला लागली नव्हती. आधी तर सवयीने नळाकडे गेलो. ग्लास भरला. मग म्हटलं, हे धुतलं की झालं, उद्या मी म्हणेन आपण काही बोललोच नव्हतो. ग्लास तसाच ठेवला.

दुभाषी बाईचा आज फोन आला होता, सहज, तब्येत विचारायला. म्हणाली, "काका, तुमचा पुढचा नमुना अजून लांब आहे. आता गुळण्या करायला हरकत नाही." मी हो म्हटलं.

ताप उतरतो आहे. खरं सांगतो, होता. जिभेला चव कशाचीच लागत नाही. भात आणि ताटाचं झाकण सारखंच. त्या वाक्याची तेवढी लागते. परवापासून चूळ भरलेली नाही. चहा पितो, भात खातो, आणि तसाच राहतो, पारोसा.

दुसरं काही नाही. पासपोर्टवरचा तो पत्ता राहू दे. बदलायला दोनदा खेटे घालावे लागतात.

मुलाचा बाप